पार्श्वभूमी : डिह्युमिडिफायरच्या खोक्यावरचे लिटर

घरगुती डिह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवेतला दमटपणा काढणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर ‘दिवसाला इतके लिटर’ असा जो आकडा छापलेला असतो, तेवढे पाणी घरी यंत्राच्या टाकीत सहसा जमत नाही. या तक्रारीचे मूळ यंत्रात कमी आणि आकडा मोजण्याच्या पद्धतीत अधिक आहे.

यंत्राचे तत्त्व जुनेच आहे. 1902 मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे, आकसे आणि एकावर एक छापायचे रंग जागेवरून सरकत, म्हणून हवा थंड नळ्यांवरून फिरवून तिच्यातले पाणी काढण्याची योजना आखली गेली. आजच्या यंत्रातही पंख्याने ओढलेली हवा गार कॉइलच्या पातळ पट्ट्यांमधून जाते, पट्टीवर आधी धुरकट ओल धरते, मग तिचे थेंब होतात आणि जड झालेला थेंब ओघळून टाकीत पडतो. कोरडी झालेली हवा मागच्या गरम कॉइलवरून बाहेर येत असल्यामुळे खोली थोडी तापते. या यंत्राकडून एसीचे काम होईल, ही अपेक्षा तेथेच संपते.

हाताच्या पंजाएवढी जी यंत्रे ‘मिनी’ म्हणून विकली जातात, त्यांत कॉइल गार करणारा कॉम्प्रेसर बहुधा नसतो. दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज गेली की तो सांधा गार किंवा गरम होतो, हा 1834 मधला शोध. 1950 नंतरच्या दशकात अर्धवाहक पदार्थ हाती आल्यावर तो व्यवहारात उतरला. त्यावर चालणारी पेल्टिअर यंत्रे जवळजवळ आवाज करत नाहीत आणि वीस-पंचवीस वॅटवर चालतात, पण पाव लिटर पाण्याला दिवस लावतात. म्हणजे एका युनिट विजेत साधारण अर्धा लिटर. तेवढ्याच विजेत कॉम्प्रेसरचे यंत्र दीड-दोन लिटर काढते. ‘कमी वॅट म्हणजे काटकसर’ हा हिशेब येथे उलटा पडतो, तरी दोन्ही यंत्रे एकाच नावाने विकली जातात.

खरा वाद मात्र 2019 चा आहे. तोवर अमेरिकेत घरगुती यंत्राची क्षमता 26.7 अंश सेल्सिअस तापमान आणि 60 टक्के सापेक्ष आर्द्रता धरून मोजली जात असे. जून 2019 पासून तापमान 18.3 अंशांवर आणले गेले. आर्द्रता 60 टक्केच राहिली. वरवर पाहता हा किरकोळ बदल वाटतो, आणि घोटाळा होतो तो ‘सापेक्ष’ या शब्दापाशी: ही टक्केवारी त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या तुलनेत असते. 26.7 अंशांच्या हवेत 60 टक्के म्हणजे घनमीटरमागे सुमारे 15 ग्रॅम बाष्प, तर 18.3 अंशांना तेच 60 टक्के म्हणजे जेमतेम साडेनऊ ग्रॅम. शिवाय दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, 10 अंशांच्या आसपास उतरतो, कॉइल त्याहून गार ठेवावी लागते आणि तिच्यावर बर्फ धरला की तो वितळेपर्यंत पाणी काढण्याचे काम थांबते. परिणामी काल 70 पाइंटचे, म्हणजे सुमारे 33 लिटरचे, म्हणून विकलेले यंत्र आतला एकही भाग न बदलता 50 पाइंटचे, म्हणजे पावणेचोवीस लिटरचे, ठरले. जुना व नवा माल काही काळ शेजारी मांडला गेला आणि मोठा आकडा पाहून जुने यंत्र अधिक ताकदीचे समजले गेले.

हा बदल योग्यच होता, कारण तेथे ही यंत्रे मुख्यतः तळघरात चालतात आणि तळघर गारच असते. पण उष्ण, दमट खोलीसाठी नवा आकडा गरजेपेक्षा लहान दिसतो, हा आक्षेपही पोकळ नव्हे. दोन्ही आकडे छापण्याची सक्ती केली असती तर बराच गोंधळ टळला असता. जपानमध्ये 27 अंश व 60 टक्के ही परिस्थिती धरतात, तर इतरत्र अनेक उत्पादक 30 अंश व 80 टक्के, म्हणजे घनमीटरमागे 24 ग्रॅम बाष्प, धरून आकडा देतात. त्यामुळे दोन देशांतली यंत्रे केवळ लिटरवरून ताडून पाहता येत नाहीत.

पेल्टिअर यंत्रे या सगळ्या वादाबाहेरच राहिली. अमेरिकी नियमातली व्याख्या कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या यंत्रांना धरून लिहिलेली आहे, आणि ‘मिनी’च्या खोक्यावर अजूनही बहुधा 30 अंश व 80 टक्क्यांचाच आकडा असतो, बारीक अक्षरांत.