राउटरपाशी शंभर, टीव्हीपाशी सहा

बडोद्याच्या रावपुरा-दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत फायबरची वायर शिरते ती बहुधा रस्त्याकडच्या खोलीत. राउटर तिथेच भिंतीला टांगला जातो आणि टीव्ही असतो दोन भिंती पलीकडे. सामना रंगात आला की चित्र पुसट होते, मग पडद्यावर नुसता गोल फिरत राहतो. लगेच मोठा प्लॅन घ्यायचे मनात येते. त्याआधी साधा हिशेब करावा. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिट (एमबीपीएस) वेग पुरेसा मानते, फोर-केसाठी १५. घरात तीन पडद्यांवर एकदम फुल एचडी चालले तरी बेरीज १५च. म्हणजे ४०-५० एमबीपीएसचे कनेक्शन चौघांच्या घराला पुरून उरते. वेग गळतो तो राउटर आणि टीव्ही यांच्या मधल्या पंधरा-वीस फुटांत, आणि तिथली दुरुस्ती स्वस्त आहे.

आधी मोजा. फोनवर फास्ट डॉट कॉम उघडून राउटरशेजारी वेग पाहा, मग तोच फोन टीव्हीच्या मागे नेऊन पाहा. पुढे ९५ आणि मागे ६ आले, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही.

वेग घटला की व्हिडिओ लगेच थांबत नाही. चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा हलक्या-भारी अशा अनेक दर्जांत सर्व्हरवर ठेवलेला असतो. मागचा तुकडा किती वेळात उतरला ते पाहून ॲप पुढचा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवते. म्हणून आधी चित्र पुसट होते, आधी उतरवून ठेवलेला साठा संपला तरच थांबते. चित्रपटाचा साठा बराच पुढचा करून ठेवता येतो. थेट सामन्यात पुढचे अजून घडलेलेच नसते, त्यामुळे साठा थोडका राहतो. त्याच कनेक्शनवर चित्रपट सुरळीत चालतो आणि सामना अडतो तो यामुळे.

वायफायचे दोन पट्टे घरोघरी असतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पाच-सहा सेंटिमीटर. ती वेगवान, पण जुन्या जाड विटांच्या भिंतीत बरीचशी जिरते. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीत तर जास्तच. लोखंडी कपाट आणि आरशामागचा धातूचा थर तिला सरळ परतवून लावतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. ती भिंत ओलांडते, पण पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्लीत, शेजारपाजारचे सगळे राउटर तिथेच गर्दी करून असतात. प्रत्येक राउटर दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबतो, तेव्हा शेजाऱ्याचा वापर वाढला की आपला वेग घटतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यांतला सर्वांत मोकळा राउटरच्या सेटिंगमध्ये निवडावा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. राउटर माणसाच्या उंचीवर, कपाटापासून दूर टांगावा.

तरीही आमचे मत स्पष्ट आहे: टीव्ही एका जागचा हलत नाही, त्याला तार द्या. राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-५ई ही नेटवर्कची केबल पुरते. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. ते ठिसूळ असते, वाकवताना तुटते. केबल केसिंग पट्टीतून न्या, पण विजेच्या तारांच्या पट्टीतून नको.

टोकाला प्लग लावताना बाहेरचे आवरण इंचभर सोला. रंग डावीकडून, प्लगची खिटी खाली धरून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सरळ करून तेरा-चौदा मिलिमीटरवर एका रेषेत कापा आणि आत सारा. प्लगच्या समोरून आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत, आणि बाहेरचे आवरण प्लगच्या आत दाबले गेले पाहिजे. ते बाहेर राहिले तर काही महिन्यांत ओढ लागून तार निसटते. बहुतेक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते. त्याला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात. चित्राला तेवढा वेग भरपूर झाला.

टीव्ही जुना असेल पण एचडीएमआय पोर्ट असेल, तर नवा टीव्ही घेऊ नका. एचडीएमआयमध्ये खोचून इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवणारी चांगली स्टिक पाच हजारांच्या आत मिळते. ती टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नये. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देते, स्टिकला सहसा एक अँपिअर लागतो. ती सुरू होते आणि भारी व्हिडिओ लागला की आपोआप रीस्टार्ट होते. सोबतचा ॲडॉप्टरच वापरावा. एचडीएमआयची छोटी एक्स्टेंशन वायरही लावावी, कारण टीव्हीच्या पाठीमागचा पत्रा स्टिकचे वायफाय अडवतो.

बिनब्रँडचे अँड्रॉइड बॉक्स मात्र टाळा. त्यांच्यावर ‘फोर-के’ छापलेले असते, पण वाइडवाइन या व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेची (डीआरएम) एल-१ पातळी नसली तर नेटफ्लिक्ससारखी ॲप एचडीसुद्धा देत नाहीत. परत करायची मुदत संपण्याआधी त्यावर डीआरएम इन्फो ॲप टाकून पातळी तपासा. एल-३ दिसली तर बॉक्स परत करा.

उत्तरायणात गच्चीवरून गेलेल्या फायबरला पतंगाचा दोरा अडकला तर ओढू नका. आतली काच तुटत नसली तरी तीव्र वळण पडले की प्रकाश बाहेर निसटतो. घरातही उरलेली फायबर सहा सेंटिमीटरपेक्षा लहान वेटोळ्यात गुंडाळू नये. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला, तर प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. वायर वळणात दाबली गेली नाही ना, हिरवा प्लग नीट बसला आहे ना, एवढे पाहा. राउटर बंद-चालू करून काही होणार नाही; तक्रार नोंदवताना ‘एलओएस लाल आहे’ असेच सांगा, म्हणजे माणूस फायबर जोडायचे यंत्र घेऊनच येईल.