दिवा झाकायचा की नाही? शारदा सदन ते केडगाव, एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय चर्चमध्ये वाढलेल्या कुठल्याही मराठी पोराला जवळजवळ पाठ असतो. तुम्ही जगाचा प्रकाश आहात, दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतात म्हणजे घरातल्या सगळ्यांना उजेड मिळतो, वगैरे. पण गंमत बघा, पान उलटून सहाव्या अध्यायात गेलात की तोच येशू म्हणतो, प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे, लोकांना दाखवायला धर्म करू नका. मग नक्की करायचं काय, दिवा बाहेर ठेवायचा की दार लावायचं? ह्या दोन वाक्यांमधली ओढाताण ख्रिस्ती इतिहासात सगळीकडे दिसते, पण आपल्याकडे ती अक्षरशः एका खोलीच्या दारावरून झाली, पुण्यात, १८९३ च्या आसपास, आणि मध्यभागी होत्या पंडिता रमाबाई. ‘प्रकाश बना’ म्हणून नुसतं उपदेश करणाऱ्यांना हा किस्सा पूर्ण माहीत असायला हवा असं मला वाटतं, कारण तो वाटतो तेवढा सरळ नाही.

थोडं मागे जाऊ. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे चर्चला, ना राजाश्रय होता ना मोठ्या इमारती, त्यामुळे प्रकाश म्हणजे वागणं एवढाच अर्थ शिल्लक होता. तिसऱ्या शतकाच्या मध्यात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात भयंकर साथ आली तेव्हा तिथला बिशप सिप्रियन लोकांना सांगत होता की फक्त आपल्यांचीच सेवा करू नका, बाहेरच्यांचीही करा, आणि हे अशा वेळी की नुकताच ख्रिस्ती लोकांचा छळ होऊन गेलेला. पुढे रोमचा राजाच ख्रिस्ती झाला आणि मग प्रकाशाबरोबर सत्ता पण आली, तो भाग सगळ्यांना माहीत आहे.

मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी १८१३ ला मुंबईत उतरले, १८३१ पासून अहमदनगरला ठाण मांडलं, १८४२ ला तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. ह्या लोकांच्या लिखाणात ‘अंधारातला देश’ छाप भाषा भरपूर सापडते आणि ती वाचताना आजही डोकं तापतं, कारण अंधार नेहमी दुसऱ्याच्या घरातच असतो असं धरून चाललेलं. पण त्याच नगरमधल्या मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा बघून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा निघाली, हे पण तितकंच खरं. म्हणजे उपदेशातला उजेड कोणी घेतला न घेतला, शाळेतला मात्र घेतला, आणि ज्यांनी घेतला त्यांनी त्यासाठी धर्म बदलला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता रमाबाई. जन्म १८५८, वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांच्या रोषाला तोंड दिलेला माणूस. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत पुराणं सांगत फिरायचं, दुष्काळाच्या त्या वर्षांत आईवडील आणि मोठी बहीण गेले, उरलेली भाऊ-बहीण हजारो मैल पायी चालून १८७८ ला कलकत्त्याला पोचली, तिथे पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. मग भाऊ गेला, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, मुलगी मनोरमा, आणि दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत हे सगळं. १८८२ ला पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. ह्या टप्प्यावर पुण्याची सुधारक मंडळी त्यांच्यावर बेहद्द खुश होती.

१८८३ ला इंग्लंडला गेल्या, वाँटेजला सिस्टर्सच्या मठात राहिल्या आणि सप्टेंबरमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तिथल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर दाखवलं होतं. रमाबाईंनी नंतर स्वतःच लिहिलंय की अशा बायकांशी इतक्या मायेने वागणारे लोक त्यांनी आधी पाहिले नव्हते, विचारलं तर सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली, समाजाने खालचं मानलेल्या शोमरोनी बाईशी येशू विहिरीपाशी बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे आधी काम बघितलं, मग त्यामागचं पुस्तक. हा क्रम माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली आहे.

इथे पुण्यात मात्र गदारोळ. एवढी शिकलेली ब्राह्मण विधवा ख्रिस्ती झाली म्हटल्यावर काय होणार. जोतीरावांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’ मध्ये त्यांची बाजू घेतली. आणि तिकडे इंग्लंडमध्ये पण बाई काही गपगुमान बसल्या नाहीत हं. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतावरून, चर्चच्या अधिकारावरून वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून जोरदार वाद घातले, भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय ते आता दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी नाही असा एकूण सूर. नंतर अमेरिकेत आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला १८८६ ला गेल्या, तिथे फिरल्या, परत येऊन त्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं त्यात अमेरिकेचं कौतुक भरपूर आहे पण तिथला वर्णद्वेष आणि मूळ रहिवाशांवरचा अन्याय पण लिहून ठेवलाय. अंधार फक्त आपल्याकडेच आहे हे त्यांनी कधी मानलं नाही.

बॉस्टनला १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं पैसे देऊ असं ठरलं, आणि अट ही की विधवांची शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, कुणाला ख्रिस्ती करायचं नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, ज्यांचं पुढे १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, आपल्या बाया कर्वे. सदनात ब्राह्मण मुलींचं सोवळं-ओवळं, वेगळा स्वयंपाक, सगळं पाळू दिलं जायचं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही शेवटपर्यंत शाकाहारीच राहिल्या. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर अशी माणसं.

मग बिघडलं कुठे? तर दारापाशी. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि दार उघडं असायचं. मुली यायला लागल्या. आधी एक-दोन, मग जास्त. कोणी बोलावलं नाही, कोणी सक्ती केली नाही, पण कोणी हाकलूनही दिलं नाही. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं, हे तटस्थ कसं? दार लावून प्रार्थना करा. रमाबाईंचं म्हणणं, हे माझं घर आहे, प्रत्येक हिंदू मुलीला तिच्या धर्माने वागायची मोकळीक आहे तशी मलाही आहे, मी लपवणार नाही.

त्यात भर म्हणजे ह्याच काळात, १८९१ च्या आसपास, त्यांचा स्वतःचा विश्वास बदलला होता. नंतर १९०७ मधल्या आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेच्या कहाणीत, त्या म्हणतात की आधी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे वाद पेटला तेव्हा उघड्या दारामागची बाई पण पूर्वीपेक्षा जास्त पेटलेली होती! ‘केसरी’ने झोडपून काढलं, रानडे-भांडारकर १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंना वजन आहे. ज्या घराने विधवा मुलीला शाळेत पाठवायचं धाडस केलं, भाऊबंदांच्या शिव्या खाल्ल्या, त्या घराला दिलेला शब्द नुसता कागदावर पाळून चालत नाही. संस्था चालवणारी बाई, जिच्यावर त्या मुलींचं जेवणखाण कपडेलत्ते सगळं अवलंबून, तिच्या खोलीचं उघडं दार हे शेजारणीच्या उघड्या दारासारखं नसतं, त्याला आपोआप एक ओढ असते. रानडे काही सनातनी नव्हते, त्यांना हे दिसलं असणार. पण दुसरीकडे, ह्याच बाईला ‘तुझं काम आम्हाला हवं, ते काम करायला लावणारी श्रद्धा तेवढी आत ठेव’ असं सांगणं हेही जरा जास्तच झालं. आणि केशवपन केलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या पोरींसाठी त्या वेळी पुण्यात दुसरं कुठलं दार उघडं होतं हो?

ह्या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षांनी मिळालं. १८९६ ला कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला. शारदा सदनाचं काम पाहिलेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलेला माणूस, आणि संस्था मात्र हिंदू समाजाला भरवसा वाटेल अशी. नगरच्या शाळेच्या बाबतीत झालं तेच पुन्हा झालं. कट्टर मिशनरी नजरेने बघितलं तर हे अपयश, कारण बाप्तिस्मे वाढले नाहीत. मला तसं अजिबात वाटत नाही.

आणि मग दुष्काळ. १८९६-९७. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेली बाई, तिथल्या रिलीफ कॅम्पमधल्या पोरींची अवस्था आणि त्यांना पळवणारे दलाल बघितल्यावर ती काय गप्प बसणार. मुली आणायला सुरुवात केली. शारदा सदन मुख्यतः वरच्या जातीतल्या विधवांसाठी होतं, आता जातपात विचारायला वेळच नव्हता, भुकेने हाडं निघालेल्या पोरी, अंगावर फोड, डोक्यात उवा, त्यांना आंघोळ घालणं, केस कापणं, पचेल एवढंच खायला घालणं, आणि हे सगळं करायला सदनातल्या जुन्या विद्यार्थिनी. पुण्यात त्याच वेळी प्लेग आला, शहरात इतक्या मुली ठेवायला सरकारी मनाई, म्हणून त्यांना केडगावला हलवलं. पुणे-दौंड रेल्वेवरचं हे गाव, तिथे सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून आधीच जमीन घेऊन फळबाग लावलेली होती. झाडांच्या सावलीत, तात्पुरत्या झोपड्यांत पोरी राहिल्या. तेच मुक्ती सदन.

प्लेगच्या बंदोबस्तात सदनातली एक मुलगी सरकारी व्यवस्थेत नेली गेली आणि तिचा पत्ता लागेना, तेव्हा रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या वृत्तपत्रात सणसणीत पत्र छापलं, गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप फेटाळले. ख्रिस्ती म्हणजे सरकारधार्जिणे असं सरसकट म्हणणाऱ्यांना हा प्रसंग जरूर सांगावा.

१८९८ ला बॉस्टनची दहा वर्षांची मुदत संपली आणि तटस्थतेची अटही. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली, दार लावा-उघडा हा प्रश्नच मिटला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळपास दोन हजार बायका-मुली होत्या. दोन हजार! एवढ्यांना रोज खाऊ घालायचं म्हणजे विहिरी, शेती, गाईगुरं, तेलघाणा, हातमाग, शिवणकाम, छापखाना, धोबीकाम, आणि जवळजवळ सगळं बायकांच्या हातात. कृपा सदन हे फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी, म्हणजे फुलहॅमला पाहिलेली गोष्ट केडगावच्या मातीत. बारतीमय सदन आंधळ्यांसाठी, नाव शुभवर्तमानातल्या आंधळ्या भिकाऱ्याचं. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतलं आणि इथल्या आंधळ्या बायकांना वाचायला शिकवलं, मग त्यातल्या काहींनी दुसऱ्यांना शिकवलं. नुसतं बसवून जेवायला घालण्यापेक्षा ही फार वेगळी गोष्ट आहे, कारण जिला घरच्यांनी ओझं समजून सोडलं ती आता मास्तरीण झाली.

१९०५ ला इथे मोठं आत्मिक जागरण झालं, रात्र-रात्र प्रार्थना, रडणं, ओरडणं, पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या, इतिहासात त्याचा उल्लेख असतो. काही लोक मुक्तीबद्दल फक्त हेच सांगतात आणि तेलघाणा विसरतात, काही लोक रमाबाईंना फक्त समाजसुधारक म्हणतात आणि प्रार्थना गाळतात. शाळेच्या पुस्तकात आम्हाला दुसरा प्रकार शिकवला, चर्चमध्ये पहिला. दोन्हीकडच्या रमाबाई जोडून बघायला बराच काळ गेला.

त्यांचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. मूळ हिब्रू आणि ग्रीक स्वतः शिकल्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा हवी हा हट्ट, आणि छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. ह्यातल्या कित्येकींना आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. १९२१ ला मनोरमा गेली, वय चाळीस. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, भाषांतर संपवून. चर्चमधून आज सर्रास वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं भाषांतर, रमाबाईंचं फारसं कुणाच्या हातात दिसत नाही. मुक्ती मिशन मात्र केडगावला अजून चालू आहे, पुण्याहून दौंडच्या लोकलने जाता येतं.