वजीर हाताशी असून डाव बरोबरीत का सुटतो?

परभणीच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली पोरं लिंबाखाली बुद्धिबळाचा पट मांडतात. परवा एका मुलीकडं राजा आणि वजीर उरले होते, समोर नुसता राजा. तिनं वजीर सरकवला आणि डाव बरोबरीत सुटला. स्टेलमेट, म्हणजे राजाला शह नाही आणि खेळायला खेळीही नाही! आजोबा म्हणाले, "दृष्ट लागली लेकराला." दृष्ट वगैरे काही नव्हतं. शिकलेली युक्ती ती एक खेळी जास्त खेळली, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून ते सुधारत नाही.

युक्ती अशी. वजीर विरुद्ध राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर ठेवायचा. राजा सरकेल तसा तोही सरकवायचा. राजा कोपऱ्याकडं रेटला जातो. पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच आणि आडव्या रांगांना १ ते ८ अशी नावं असतात. समजा, काळा राजा बी-८ वर आणि वजीर डी-७ वर आहे. राजाला ए-८ हे एकच घर उरतं. तो तिथं गेला की सवयीनं वजीर सी-७ वर येतो, आणि घात होतो. राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही. म्हणून वजीर डी-७ वरच राहू द्या. राजा दोन घरांत येरझारा घालील, तोवर आपला राजा सी-६ वर आणा. मग वजीर बी-७ वर आला की मात.

संगणक अशा डावात फार पुढचं पाहतो, असा समज आहे. खरं तर इथं तो शेवटाकडून मागं येतो. अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९६५ मध्ये ही वाट सुचवली. तीन मोहऱ्यांच्या मांडण्या ६४ × ६३ × ६२ म्हणजे २,४९,९८४. खेळी कुणाची हे धरलं तर दुप्पट. त्यातल्या नियमबाह्य मांडण्या काढून टाकायच्या. मग काळ्याची पाळी असून त्याला एकही खेळी नाही अशा मांडण्या शोधायच्या. शह असेल तर 'मात', नसेल तर 'बरोबरी'. त्या मुलीची चूक या पहिल्याच पायरीवर वेगळी निघते!

आता मागं चला. पांढऱ्याला एका खेळीत 'मात'च्या मांडणीत जाता येत असेल, तर ती 'जिंकलेली'. काळ्याचं मात्र उलट: त्याच्या सगळ्या खेळ्या 'जिंकलेल्या' मांडण्यांतच पोचत असतील, तरच तो 'हरलेला'. पांढऱ्याला एक वाट पुरते, काळ्याच्या सगळ्या वाटा बुजाव्या लागतात. मग अशा 'हरलेल्या' मांडणीत नेता येणारी पांढऱ्याची मांडणीही 'जिंकलेली'. असे शिक्के मारत मागं जायचं. नवा शिक्का बसेनासा झाला की थांबायचं, आणि कोऱ्या राहिलेल्या सगळ्या मांडण्या बरोबरीच्या. राजा-वजिराच्या डावात अचूक खेळलं तर जास्तीत जास्त १० खेळ्यांत मात होते, हे असं कळलं.

सात मोहऱ्यांपर्यंतचे डाव याच रीतीनं सुटले आहेत. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या सिझिजी तक्त्यांत (अशा शिक्के मारलेल्या मांडण्यांच्या तयार साठ्यात) ४२३ लाख कोटींहून जास्त मांडण्या आहेत. हल्ली याला सरसकट 'एआय' म्हणतात, ते चूक आहे. ही चिकाटीची मोजदाद आहे.

काल त्या मुलीनं तीच मांडणी पुन्हा लावली. काळा राजा कोपऱ्यात, वजीर डी-७ वर, तिचा राजा पार एच-१ वर. या वेळी वजिराला तिनं हातही लावला नाही. राजा तिरप्या रांगेनं जी-२, एफ-३, ई-४, डी-५, सी-६ असा चालत आला, आणि सहाव्या खेळीला वजीर बी-७ वर ठेवून तिनं मात दिली.