देवाच्या हाती सोपवणं (ख्रिस्ती जीवन)

देवाच्या हाती सोपवणं म्हणजे आपल्या आयुष्यात जे काही चाललंय त्यावर शेवटी परमेश्वराची सत्ता आहे असं धरून रोजचं काम करणं, काळजी प्रार्थनेत त्याच्यापुढे मांडणं आणि पुढचं त्याच्यावर सोडणं. धर्मशास्त्रात याला देवाचं सार्वभौमत्व म्हणतात, पण मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत हा शब्द फार ऐकू येत नाही, इथं लोक "प्रभूवर टाकलंय" किंवा "प्रभूची इच्छा असली तर" असंच बोलतात. हे दुसरं वाक्य बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं आहे (4:15), अमुक गावाला जाऊ, वर्षभर धंदा करू, पैसा कमवू असे बेत करणाऱ्यांना तिथं सांगितलंय की उद्याचं तुम्हाला काय माहीत, प्रभूची इच्छा असेल तर करू असं म्हणा.

बायबलमध्ये याचा आधार जागोजागी सापडतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशू आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं दाखवून उद्याची चिंता करू नका म्हणतो (मत्तय 6), पुढं दहाव्या अध्यायात चिमणीचं उदाहरण येतं, बाजारात जिला काही किंमत नाही ती चिमणीसुद्धा पित्याला ठाऊक असल्याशिवाय जमिनीवर पडत नाही. आणि वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं स्वतः "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे" अशी प्रार्थना केली, तीही रडून, घाबरून, हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख, टळू दे असं आधी मागून. 1563 सालच्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून ख्रिस्ती विश्वास शिकवणाऱ्या प्रोटेस्टंट पुस्तकात, तर पाऊस आणि दुष्काळ, पिकाचं वर्ष आणि नापिकीचं वर्ष, आजार आणि तब्येत, सगळं योगायोगानं नाही तर बापाच्या हातून येतं असं लिहिलंय. जर्मनीत लिहिलेलं वाक्य, पण आपल्याकडं कोरडवाहू शेती करणाऱ्याला ते जास्त कळतं असं मला वाटतं.

बरेच लोक याला नशीब समजतात आणि तिथंच गडबड होते. नशिबाला कुणी हाक मारत नाही, त्याच्यापुढे भांडता येत नाही, देवाशी मात्र भांडता येतं, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत "किती वेळ, परमेश्वरा" असं विचारणारी स्तोत्रं काही कमी नाहीत. सोपवणं म्हणजे हात बांधून बसणंही नाही. माझी आजी मृग लागला की बियाण्याची पिशवी ओसरीवर ठेवायची, त्यावर उजवा हात ठेवून "बापा, रान तुझं, बी तुझं, आम्ही नुसते गडी" एवढंच म्हणायची आणि लगेच आजोबांना विचारायची, "ओल किती गेली ते बघितलं का वो?" ओल बघितल्याशिवाय तिनं कधी पेरू दिलं नाही. एका वर्षी पेरल्यावर पावसानं महिनाभर ओढ दिली, सोयाबीन जळालं, दुबार पेरणी करायची वेळ आली. त्या रात्री ती चुलीपुढं बसून रडली, आणि चार दिवसांनी उसनवारीच्या पिशवीवर परत हात ठेवून तेच म्हणाली.

रोजच्या वागण्यात ही गोष्ट छोट्या छोट्या सवयींतून येते, सकाळी एखादं स्तोत्र वाचून दिवस सोपवणं, घरसभेत नाव घेऊन एकमेकांसाठी प्रार्थना करणं, रविवारच्या उपासनेत साक्ष देणं, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगणं. काही घरांच्या दारावर "यहोवा यिरे" लिहिलेलं असतं, म्हणजे परमेश्वर पुरवील, अब्राहामाच्या गोष्टीतलं नाव आहे ते (उत्पत्ती 22).

मराठवाड्यात या शिकवणुकीचं एक जुनं ठिकाण म्हणजे जालन्याजवळचं बेथेल. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. बेथेल म्हणजे देवाचं घर, घर सोडून पळालेला याकोब (पत्रवाला नव्हे, अब्राहामाचा नातू) उशाला दगड घेऊन झोपला आणि "तू जाशील तिकडं मी तुझ्याबरोबर आहे" हे वचन त्याला मिळालं ती जागा. गाव नि नातेवाईक तुटलेल्या लोकांच्या वस्तीला याच्याहून नेमकं नाव मिळालं नसतं.

या शिकवणुकीचा गैरवापरही होतो आणि तो स्पष्ट सांगायला पाहिजे. आजाऱ्याला "विश्वास ठेव, गोळ्या बंद कर" म्हणणं किंवा लेकरू गेलेल्या आईला "तुझा विश्वास कमी पडला" म्हणणं हे बायबलमध्ये कुठंच नाही. बायबलमधल्या ईयोब नावाच्या नीतिमान माणसावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी असंच काहीतरी सुनावलं होतं आणि देव त्या मित्रांवरच रागावला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंपानं जे झालं त्याचं कारण देवाच्या नावानं सांगत बसणाऱ्यापेक्षा ढिगारा उपसायला गेलेला माणूस या विश्वासाच्या जास्त जवळ होता.

दुष्काळी वर्षात बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आवर्जून वाचावा, अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असं त्यात आहे. चर्चमध्ये कापणीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढं आणतात, ज्वारीची कणसं, तुरी, भोपळे, कोंबडीसुद्धा, आणि नंतर त्याचा लिलाव होतो. दुबार पेरणीचंही पीक हाती लागलं नाही त्या वर्षी आजी परसातले दोन दोडके धुऊन, पदरात झाकून घेऊन गेली होती.