मक्याच्या पानातली दोन शेजारघरं

गव्हांकुराच्या रसातली अँटिऑक्सिडंट विकरं (एन्झाइम) थेट आपल्या पेशींत जाऊन काम करतात, असा मेसेज परवा पुन्हा माझ्याकडे आला. कोवळ्या पानात विकरं भरपूर असतात, हे खरंच आहे. पण विकर हे प्रथिन. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्याची गत वरणातल्या प्रथिनासारखीच करतात. रोपानं ती घडवलेली असतात स्वतःसाठी, आणि ती कुठे ठेवायची हेही त्याचं ठरलेलं असतं.

मक्याचं कोवळं पान आडवं, अगदी पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं दिसतं. हा शिरेचा वेढा. त्याच्या बाहेर पर्णमध्य पेशी. शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमध्ये या पेशी बहुधा दोनच मावतात, म्हणजे प्रत्येक पेशीला वेढ्याचा शेजार आहे.

उन्हात हरितलवकातले काही इलेक्ट्रॉन निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि पेशीला इजा करणारं सुपरऑक्साइड तयार होतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, मग ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज हे दुसरं विकर क जीवनसत्त्व खर्चून त्याचं पाणी करतं. खर्ची पडलेलं क जीवनसत्त्व पूर्ववत करतो ग्लुटाथायोन हा गंधक असलेला छोटा रेणू. त्यात ग्लुटाथायोन स्वतः वापरलं जातं आणि त्याला ताजं करतं ग्लुटाथायोन रिडक्टेज हे विकर, एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू वापरून. गव्हाच्या पानात हा सगळा फेरा एकाच पेशीत पुरा होतो.

मक्यात तो दोन घरांत विभागलेला आहे! १९९७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टीन फॉयर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिली दोन विकरं जवळजवळ सगळी वेढ्याच्या पेशींत असतात, तर ताजं करणारं रिडक्टेज पर्णमध्य पेशींत. कारण एनएडीपीएचमध्ये आहे. ते मुबलक होतं पाणी फोडणाऱ्या यंत्रणेतून, म्हणजे फोटोसिस्टिम दोनमधून. मक्याच्या वेढ्यातल्या हरितलवकांत ही यंत्रणा फारच तोकडी, आणि तिथलं एनएडीपीएच साखर बनवण्यातच लागतं. म्हणून वापरलेलं ग्लुटाथायोन पेशीभित्तीतल्या बारीक वाटांनी शेजारी जातं आणि ताजं होऊन परत येतं. ग्लुटाथायोनच्या जन्माचीही अशीच वाटणी आहे. त्याला लागणारं गंधकयुक्त सिस्टीन वेढ्यात तयार होतं, पण ग्लुटाथायोन प्रामुख्यानं बनतं पर्णमध्य पेशींत. गंधक इकडून तिकडे जातं आणि ग्लुटाथायोन होऊन माघारी येतं. मला या व्यवस्थेचं फार अप्रूप आहे.

अडचण येते थंडीत. मका मूळचा उष्ण प्रदेशातला. पारा १५ अंशांखाली गेला की त्याची नवी पानं फिकट निघतात, प्रकाशसंश्लेषण रखडतं. ऊन मात्र पानावर पडतच असतं, त्यामुळे इलेक्ट्रॉन अधिकच निसटतात. अशा वेळी दोन घरांमधली ये-जा पुरी पडत नाही. प्रयोगांत थंडीत वाढवलेल्या पानांच्या वेढ्यातल्या प्रथिनांनाच ऑक्सिडीकरणाची इजा जास्त झालेली आढळली. पर्णमध्य पेशींतली प्रथिनं त्या मानानं शाबूत होती, कारण रिडक्टेज त्यांच्याच घरात आहे.