चाव्याच्या भोकावर काय लावायचं? आधी धुवा!

आमच्याकडे येणारी कुत्री कामाची आहेत. मेंढ्या राखणारी, पहाऱ्यावरची, माग काढणारी. काटेरी तार, पत्र्याची कड, रानडुकराचा सुळा, दुसऱ्या कुत्र्याचा जबडा यांच्याशी त्यांची गाठ पडतच राहते. तुम्हीही नवखे नाही. रक्त दाबून कसं थांबवायचं, पंजाला पट्टी कशी गुंडाळायची हे तुमच्यापैकी बहुतेकांना येतं, म्हणून ते सगळं पहिल्यापासून सांगत बसत नाही. हे पत्रक एका प्रश्नासाठी काढलं आहे, कारण तो जवळजवळ रोज फोनवर येतो: "डॉक्टर, भोक एवढंसंच आहे, वर काय लावू?"

वर काहीच लावू नका. केस कापा, भरपूर पाण्याने धुवा आणि भोक उघडं ठेवा.

चाव्याचं भोक लहान दिसतं, कारण कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा आत शिरतो, चावणारा मान झटकतो, तेव्हा कातडी दाताबरोबर सरकते आणि खालचं मांस मात्र जागच्या जागी फाटतं, चिरडतं. दात निघाला की कातडी परत पहिल्या ठिकाणी येते आणि आतल्या नासधुशीवर झाकण बसतं. वर पेन्सिलीच्या टोकाएवढं छिद्र, आत बोट जाईल एवढी पोकळी. त्या पोकळीत लाळ, केस, माती आणि रक्तपुरवठा तुटलेलं मांस. तोंडातल्या जंतूंमध्ये हवेशिवाय वाढणारेही असतात. भोक बुजलं की त्यांचं फावतं. मग दोन-चार दिवसांत तिथे गळू धरतं, कुत्रं खाणं सोडतं आणि तुम्ही म्हणता, "जखम तर वरून छान सुकली होती."

छान सुकली होती म्हणूनच पू आत कोंडला.

एक उदाहरण नेहमी डोळ्यांसमोर येतं. मेंढ्यांवरची काळी कुत्री, खांद्यावर एक चावा. मालकाने मनापासून काळजी घेतली होती, दिवसातून तीनदा जखमेची पूड भुरभुरवली होती. चौथ्या दिवशी आमच्या टेबलावर आली तेव्हा पूड, रक्त आणि केस यांचा तळहाताएवढा खडखडीत पापुद्रा झाला होता. तो भिजवून, केस एकेक करून सोडवून जखमेपर्यंत पोचायलाच आमची पाऊण तास खटपट झाली. कुत्री तेवढा वेळ थरथरत उभी होती. पापुद्रा निघाला तेव्हा एक नव्हे, चार भोकं दिसली आणि पहिल्या भोकातून पू आपोआप वाहू लागला. पहिल्या दिवशी अर्धा लिटर पाणी आणि कात्री वापरली असती तर यातलं बरंच टळलं असतं. रंगीत फवारे, मलमाचे जाड थर, घरातल्या कुठल्याही पुडी, कातडी चिकटवणारा गोंद, या सगळ्यांची गत हीच. आम्हाला जखम दिसत नाही आणि आतली घाण बाहेर येत नाही.

मग घरी नेमकं काय करायचं? आधी तोंड बांधा. तुमचं कुत्रं कितीही शहाणं असलं तरी दुखऱ्या जागी हात लागला की चावू शकतं. गॉझपट्टीचा फास जबड्याभोवती घालून, खालून गाठ घेऊन कानांमागे बांधला की काम होतं. धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा तोंड चपटं असेल तर मात्र बांधू नका. हातमोजे घाला. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग पाच ते दहा मिनिटं दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका, कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

रक्त थांबल्यावर केस. इथे आमची एक युक्ती आहे. पाण्यात विरघळणारी जेल आधी जखमेत आणि भोवती भरून घ्या. कापलेले केस जेलला चिकटतात, आत पडत नाहीत, आणि धुताना जेलसकट वाहून जातात. व्हॅसलीन किंवा तेल यासाठी चालत नाही, ते धुऊन निघत नाही. कात्री गोल टोकाची घ्या आणि भोकाभोवती निदान दोन बोटं रुंदीचे केस काढा. मग दुसरीकडेही चाचपा. चावताना वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे लागतात, त्यामुळे एक भोक सापडलं की त्याचं जोडीदार भोक समोरच्या बाजूला असतंच असं धरून चाला. पाय असेल तर पायाच्या आतल्या बाजूला, मान असेल तर गळ्याखाली.

आता पाणी. सलाइन उत्तम. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ. तेही हाताशी नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी चालतं. सलाइनसाठी थांबून वेळ घालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. २० मिलिलिटरची सिरिंज सुईशिवाय घ्या, टोक भोकापासून जरा लांब आणि तिरकं धरा आणि जोरात पिचकारी मारा. पुन्हा भरा, पुन्हा मारा. एका चाव्याला अर्धा लिटर तरी लागतं, आणि लोक इथेच कंटाळतात. दोन सिरिंज मारून थांबू नका. पाणी आत जातंय पण बाहेर येत नाही, कातडी फुगतेय असं दिसलं तर मात्र लगेच थांबा आणि कुत्र्याला घेऊन या.

शेवटच्या धुण्याला जंतुनाशक घालायचं असेल तर पातळ करूनच घाला. १० टक्क्यांचं पोविडोन आयोडीन असेल तर लिटरभर पाण्यात १० मिलिलिटर. २ टक्क्यांचं, साबण नसलेलं क्लोरहेक्झिडीन असेल तर लिटरभर पाण्यात २५ मिलिलिटर. हे डोळ्याजवळ आणि कानात वापरायचं नाही. घट्ट औषधाने जास्त गुण येतो हा समज चुकीचा आहे, त्याने भरून येणाऱ्या पेशीच मरतात. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. पेरॉक्साइड फसफसतं तेव्हा जखम साफ होतेय असं वाटतं, पण फसफसण्यात निरोगी मांसही भाजून निघतं.

तार किंवा काचेने कापलेली, सरळ कडांची जखम चाव्याहून सोपी. ती धुऊन, न चिकटणारी पट्टी आणि गॉझ ठेवून बांधता येते. पंजा बांधताना मधल्या दोन बोटांची नखं पट्टीबाहेर राहू द्या. ती एकमेकांपासून फाकलेली दिसली तर पंजा सुजतोय, पट्टी घट्ट आहे, लगेच सोडा. ओली झालेली पट्टी तासभरही ठेवू नका. कातडीची पूर्ण जाडी कापून कडा फाकल्या असतील तर टाके लागतील, आणि ते पहिल्या सहा-आठ तासांत घालणं सोपं जातं.

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ जखम बघा. भोकातून थोडा पातळ लालसर निचरा होणं चांगलं आहे. वास, पिवळा दाट पू, पसरत जाणारी सूज, अंगात कणकण, यापैकी काहीही असलं तर कळवा. ताप थर्मामीटरनेच मोजा, नाकाला हात लावून कळत नाही. कामावरून आलेल्या कुत्र्याचं अंग तसंही तापलेलं असतं, म्हणून तासभर विश्रांतीनंतर मोजा. १०३ फॅरनहाइटच्या वर गेला तर फोन करा. माश्या बसू देऊ नका, उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या पडू शकतात. चाटू देऊ नका, गळ्यात नरसाळ्याच्या आकाराचा कोन घाला. आणि माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, यातलं काहीही पोटात देऊ नका. पोटात रक्तस्राव झालेली, मूत्रपिंड बिघडलेली कुत्री या गोळ्यांमुळे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्या मूळ जखमा अगदी किरकोळ होत्या.

काही जखमांत घरी धुण्यात वेळ घालवायचाच नाही: छाती, पोट किंवा गळ्यावरचा चावा, डोळा, सांधा, कातडीखाली दाबल्यावर कुरकुर लागणारी हवा, पांढरट हिरड्या, न थांबणारं रक्त. मोठ्या कुत्र्याने लहान कुत्र्याला उचलून झटकलं असेल तर बाहेर ओरखडा नसला तरी आणा. चावणारं जनावर अनोळखी किंवा जंगली असेल तर रेबीजचा विचार आधी. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, लस झालेल्या कुत्र्यालाही पुन्हा डोस लागतो. जखम हाताळताना तुमच्या हातावरच्या ओरखड्याला लाळ लागली असेल तर तुम्हीही तसंच धुऊन त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांकडे जा.

आमच्याबद्दल दोन तक्रारी कानावर येतात, त्यांचंही सांगतो. "एवढे केस का भादरले?" कारण केसांखाली आम्हाला बहुतेक वेळा तुम्ही सांगितल्यापेक्षा जास्त भोकं सापडतात. केस परत येतात. "चावा तसाच उघडा ठेवून घरी पाठवलं, टाके का नाही घातले?" कारण घाण आत ठेवून शिवलेला चावा पुन्हा उसवावा लागतो. काही वेळा आम्ही निचऱ्यासाठी रबरी नळी घालतो, ती तीन ते पाच दिवसांत काढतो. काही जखमा स्वच्छ झाल्यावर मग शिवतो. यात तुमची एखादी जादा खेप होते हे आम्हाला कळतं, तरी आम्ही हेच करत राहणार. फोनवर अँटिबायोटिक सांगत नाही तेही याचसाठी. मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही, मग रक्तातलं औषध तिथे कसं पोचणार? ते मांस आधी काढावं लागतं.

वर सांगितलेलं सगळं सामान घालून आम्ही जखमपेटी तयार करतो. जेल, सलाइन, सिरिंज, गोल टोकाची कात्री, क्लोरहेक्झिडीन, न चिकटणाऱ्या पट्ट्या, स्वतःलाच चिकटणारी लवचीक पट्टी, थर्मामीटर, हातमोजे, तोंड बांधायची पट्टी. प्रमाणं झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापली आहेत, कारण त्या वेळी चष्मा शोधायला वेळ नसतो. पेटीत पूड का नाही असं बरेच जण विचारतात. ती मुद्दाम ठेवलेली नाही. पेटीतलं जे संपेल ते आमच्याकडे सुटंही मिळतं, पूर्ण पेटी पुन्हा घ्यायची गरज नाही.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: चावा किती वाजता झाला, कोणी घेतला, कुत्र्याचं वजन, रेबीजच्या शेवटच्या लसीची तारीख, आणि धुऊन झाल्यावर उजेडात काढलेला जखमेचा फोटो. निघताना खायला घालू नका, गुंगी द्यावी लागू शकते. पाणी चालेल.