सोळाव्या वर्षी परवाना, पण कोणत्या गाडीचा?

कॉलेजं सुरू झाली की अल्पवयीन दुचाकीस्वारांवरच्या कारवाईच्या बातम्या येऊ लागतात. जप्त केलेल्या स्कूटरची रांग आणि पालकांना पंचवीस हजारांच्या दंडाचा इशारा, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. या गदारोळात एक गोष्ट मागे पडते. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना दुचाकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आजही आहे. तो परवाना कोणत्या गाडीसाठी, याचा गुंता मात्र तीस वर्षांत सुटलेला नाही.

आजचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ मध्ये अठराच्या अटीला एक अपवाद होता: सोळा वर्षांवरील व्यक्तीला विनागियर मोटारसायकल चालवता येईल. त्या काळी विनागियर म्हटलं की लूनाच डोळ्यासमोर यायची. १९७२ साली आलेली ही पन्नास सीसीची गाडी चढाला दमली की पायडल मारावं लागे. अशा गाडीवर सोळा वर्षांचं पोर बसलं तर फारशी चिंता नव्हती.

पण विनागियर म्हणजे हळू, हे समीकरण कायदा लागू होण्याआधीच मोडलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यातच जवळपास शंभर सीसीची, गियर न बदलता पळणारी कायनेटिक होंडा रस्त्यावर आली होती. कायद्याच्या शब्दांत तीही विनागियर, म्हणजे सोळा वर्षांच्या मुलालाही चालणारी. ही फट बुजवण्यासाठी १९९४ च्या दुरुस्तीत कलम ४ मधले ‘विनागियर’ काढून तिथे ‘५० सीसीपेक्षा जास्त नाही इतक्या क्षमतेचे इंजिन’ असा निकष घातला गेला. १४ नोव्हेंबर १९९४ पासून तो लागू आहे.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. मात्र दुरुस्ती अर्धवट राहिली. पालकांच्या लेखी संमतीची अट सांगणाऱ्या कलम ७ मध्ये आणि परवान्याचे वर्ग ठरवणाऱ्या कलम १० मध्ये ‘विनागियर मोटारसायकल’ तसंच राहिलं. त्यामुळे गाडी चालवण्याचं वय ठरतं सीसीवर आणि परवान्याचा वर्ग ठरतो गियरवर. सोळाव्या वर्षी मिळालेल्या कार्डावर विनागियरचा वर्ग छापलेला असतो. तो पाहून घरातल्यांचा समज होतो की दारातली स्कूटर चालेल. २००१ साली आलेली पहिली अ‍ॅक्टिव्हाच १०२ सीसीची होती आणि आजच्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. मुलाच्या खिशात परवाना आहे, गाडीला गियर नाही, आणि तरीही तो कायद्याच्या लेखी विनापरवाना. या घोळाचं खापर पालकांच्या बेफिकिरीवर फोडणं मला पटत नाही. बेफिकीर पालक असतात, पण संमतीच्या फॉर्मवर सही करून रीतसर परवाना काढणारेही यात अडकतात.

पुढे ५० सीसीच्या गाड्याच संपल्या. ग्राहक मोठ्या स्कूटरकडे वळला, प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आज शोरूममध्ये जाऊन पेट्रोलवरची पन्नास सीसीची नवी गाडी मागितली, तर दाखवायला कुणाकडे काही नाही. अपवाद कायम आहे, पण तो ज्या यंत्रासाठी केला ते यंत्रच राहिलेलं नाही.

बॅटरीवरच्या गाड्यांनी गोंधळ आणखी वाढवला. विजेच्या मोटरला सीसी नसते. २५० वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग, अशी गाडी वजनाची अटही पाळत असेल तर नियमांनुसार ती मोटार वाहनच ठरत नाही. तिला परवाना नाही, नंबरप्लेट नाही. त्यावरची गाडी मात्र पूर्ण मोटार वाहन. मधली पायरीच नाही. २०१८ साली केंद्राने सोळा ते अठरा वयोगटाला बॅटरीवरच्या विनागियर स्कूटर चालवू देण्याचा विचार बोलून दाखवला होता, पण कलम ४ मधली पन्नास सीसीची अट पुढच्याच वर्षीच्या मोठ्या दुरुस्तीतही हलली नाही. दरम्यान, कमी वेगाच्या म्हणून विकल्या गेलेल्या गाड्यांमध्ये फेरफार करून त्या जोरात पळवण्याचे प्रकार वाढले आणि २०२२ साली राज्यात त्यांच्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. मागणी खरी होती, ती चोरवाटेने पूर्ण होत होती.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा मात्र कित्येक पटींनी वाढवली. नव्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, अशी ही तरतूद आहे. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही, शिकाऊही नाही. योग्य परवाना असलेला अल्पवयीन योग्य तीच गाडी चालवत असेल तर पालकांवर हे कलम लागत नाही, पण ती योग्य गाडी कुठे मिळते ते वर आलंच आहे. महाराष्ट्राने २०१९ मध्ये वाढीव दंड थोपवून धरले होते, ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीनाच्या भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोघांचा जीव घेतला, तेव्हा पंचविशीपर्यंतची ही बंदी पहिल्यांदा घराघरात पोचली. तिथे कडक कारवाईची मागणी रास्तच होती. पण क्लासला जाताना आईची स्कूटर घेणारी मुलगी आणि रात्री अलिशान गाडी उडवणारा मुलगा, दोघांनाही हेच कलम आणि तीच बंदी.

अठरा पूर्ण झाल्यावर चित्र एकदम उलटतं. गियरच्या मोटारसायकलचा एकच वर्ग आहे. शिकाऊ परवाना काढून तीस दिवस झाले की चाचणी, मैदानात पाय न टेकवता इंग्रजी आठचा आकडा काढायचा आणि पक्कं लायसन्स हातात. त्यावर शंभर सीसीही चालते आणि हजार सीसीही. युरोपीय संघात जानेवारी २०१३ पासून लागू असलेल्या नियमांत १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, मग ३५ किलोवॉट, मग खुला परवाना, अशा वयाबरोबर आणि अनुभवाबरोबर चढत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे सोळाला बंद दार आणि अठराला सताड उघडं दार.

पन्नास सीसीच्या जागी किलोवॉट आणि वेगाची मर्यादा आणायची, तर ते केवळ नियमावलीत बदल करून भागणार नाही. कलम ४ मूळ कायद्यात आहे, त्यामुळे दुरुस्ती संसदेतच व्हावी लागेल, आणि या वेळी कलम ७ व १० सोबत घेऊन.